कोलूत बसलेली काच

माझा खरा धंदा घासाघीस. काचा विकणं, बसवणं, सांभाळणं हे सगळं त्यानंतर येतं. तंजावुरात गाड्यांच्या काचांचं माझं जे काही आहे ते मी मोपेडच्या मागे काच बांधून फिरण्यापासून उभं केलं. त्यातलं काहीही मला समोरच्याने सांगितलेल्या भावात मिळालं नाही, भांडून मिळालं. म्हणूनच आमच्या घरमालकांनी माझ्यावर केलेला अन्याय मी अजून विसरलेलो नाही. त्या माणसाने मला एकदाही घासाघीस करू दिली नाही.

सगळे त्यांना राव म्हणत, मीही तेच म्हणेन. मला जागा हवी होती. गाडी डेंटिंग-पेंटिंगला गेली की काचा उतरवाव्या लागतात, आणि उतरवलेली काच वर्कशॉपमध्ये सगळ्यांच्या पायात येते. कोणी ती भिंतीला टेकवतो, दुसरा तिच्यावर डबा ठेवतो, तिसरा जॅक ओढताना धक्का मारतो. मग मालक विचारतो, कशी फुटली? सगळे म्हणतात, आधीच तडा होता. हे इतक्या वेळा पाहिलं, की काच उतरल्यापासून परत चढेपर्यंत ती सांभाळायची, याचाच धंदा करायचं मी ठरवलं. जागा कोरडी हवी, उन्हाची नको, आणि येणंजाणं कमी हवं. पश्चिम राजवीथीच्या मागच्या गल्लीत रावांचं लांबलचक घर होतं. राहायला ते आणि त्यांची थोरली बहीण, आक्का.

मी तयारीने गेलो. कौलं गळतात, गल्लीत टेम्पो वळत नाही, सगळे मुद्दे पाठ करून ठेवले होते.

"भाडं किती घ्याल?"

"तूच सांग."

मी इतकं कमी सांगितलं की सांगताना माझीच मान खाली गेली. सुरुवात अशीच करायची असते. मग ते चिडतील, मी उठल्यासारखं करीन, ते हात धरून बसवतील.

"सरि," राव म्हणाले.

"सरि म्हणजे?"

"सरि म्हणजे सरि. कबूल. मज भाड्याचं बोलायला येत नाही. आता माझ्या अटी ऐक."

आणि अटी सुरू झाल्या. त्या संपल्या असं मला त्यांच्या घरात कधी वाटलं नाही. भाड्यात मी जे वाचवलं ते त्या अटींनी माझ्या जिवातून वसूल केलं.

राव रेल्वेच्या पार्सल कचेरीतून निवृत्त झाले होते. 'काच, जपून' असं लिहिलेले खोके उघडून आत चुरा दाखवायचा आणि लोकांच्या शिव्या ऐकायच्या, यात त्यांची सगळी नोकरी सरली. चूक कुठल्या तरी लांबच्या स्टेशनातल्या हमालाची, तोंड रावांचं. त्यामुळे काच घरात आली की त्यांच्या अंगात यायचं. मनगटावरचं घड्याळ काढायचे, अंगठी काढून आक्काकडे द्यायचे, नेसूची वेष्टी गुडघ्यापर्यंत दुमडून घ्यायचे, आणि मग दोन्ही तळहात काचेच्या खाली घालायचे. वरून धरून उचलणारा माणूस त्यांच्या मते पार्सल खात्याचा होता.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला दारात अडवलं. "पट्टा काढ."

"कसला पट्टा?"

"कमरेचा. बक्कल कडेला लागेल."

"राव, पट्टा काढला तर पँट कोण धरणार? हातात काच आहे."

"तर वेष्टी नेस. बापाने नेसली नव्हती काय?"

मी तिथल्या तिथे ओरडलो. गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. राव माझं बोलून होईपर्यंत काचेखाली हात धरून उभे राहिले आणि मग म्हणाले, "तुझं झालं काय? आता पट्टा." तेव्हापासून मी कामावर वेष्टी नेसतो. ग्राहकांना वाटतं मी धार्मिक आहे.

त्यांची मोठी अट अशी होती, की काच निजवायची नाही. काच उभीच राहणार, किंचित मागे कललेली, खाली लाकूड आणि त्यावर जुनी घोंगडी. निजवलेली काच स्वतःच्या वजनाने आतून कण्हत असते, असं त्यांचं म्हणणं. ते कण्हणं मी कधी ऐकलं नाही, पण निजवून एकावर एक रचलेल्या काचा उचलताना तडकलेल्या मी भरपूर पाहिल्या आहेत. दोन काचांच्या मध्ये धुतलेलं सुती कापड. वर्तमानपत्र नाही, पुठ्ठा नाही, कारण त्यात बारीक खडे दडून बसतात. दाराच्या काचेला मधोमध बुक्की मारली तर ती हसेल, पण कडेला रव्याएवढा खडा घासला तर सगळीच्या सगळी एकदम साखरेसारखी सांडेल. पुढच्या काचेची तऱ्हा वेगळी. तिच्या दोन थरांमध्ये पातळ पडदा असतो, आणि कडेतून ओल शिरली की तो पांढरा पडत जातो. म्हणून राव सकाळी काचांच्या कडा कोरड्या फडक्याने टिपायचे आणि टिपताना विचारायचे, "काय, बरं आहे?"

काचांना ते मालकांवरून हाक मारायचे. तहसीलदार, वांगीवाला, नळाचा कंत्राटदार. "वांगीवाला जरा डावीकडे कलला आहे गे," असं ते आक्काला सांगत, आणि पहिल्यांदा आलेला माणूस दचकून आजूबाजूला पाही. रस्त्यावरून जड लॉरी गेली की ते हात वर करत. मग घरात कोणी बोलायचं नाही. सगळ्यांनी पायाखालची जमीन ऐकायची. लॉरी वळली की हात खाली. एकदा ओरत्तनाडूचा एक ग्राहक माझ्याशी तावातावाने भांडत होता. त्याचा आवाज ऐन रंगात आला असताना हात वर झाला. तो गप्प झाला, मी गप्प झालो. हात खाली आला तेव्हा दोघांनाही भांडण कशावरून होतं ते आठवेना. मला त्या भांडणात चांगले पैसे सुटणार होते. हेही मी रावांच्या खात्यावर मांडून ठेवलं आहे.

आणि लोक? लोकांनी माझ्या दुकानाला 'रावांची काच' असं नाव पाडलं. पाटी माझी, मोपेड माझी, शिव्या खाल्ल्या त्या मी. आज राव नाहीत, तरी माणसं दारात येऊन विचारतात, "रावांची काच ती हीच ना?" मी हो म्हणतो. दुसरं काय म्हणणार, गिऱ्हाईक परत पाठवू?

आता त्या नवरात्राचं सांगतो.

काचा टेकवायला मला लोखंडी घोडा करून घ्यायचा होता. राव म्हणाले, लोखंड आणि काच एका घरात नको, थांब. ते माळ्यावर चढले आणि फणसाच्या लाकडाच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या दोन जाडजूड चौकटी आणि त्यांच्या फळ्या खाली घेऊन आले. फळ्या जमिनीवर पडल्या, त्यांवर घोंगडी आली, आणि चौकटींच्या पायऱ्यांत लहानमोठ्या काचा अशा चपखल टेकल्या, जणू सुताराने त्यासाठीच माप घेतलं असावं. मी खूश, राव खूश, आक्काने येऊन पाहिलं, तीही खूश. फुकटात काम झालं होतं.

त्या कोलूच्या पायऱ्या होत्या. नवरात्रात आमच्याकडे पायऱ्या मांडून त्यावर बाहुल्या बसवतात, तो कोलू. दसऱ्यानंतर पायऱ्या माळ्यावर जातात आणि पुढल्या नवरात्रापर्यंत त्यांची आठवण कोणी काढत नाही. आम्हीही काढली नाही. वर्ष सरत आलं, काचा येत होत्या, जात होत्या. आणि नवरात्राच्या आदल्या दिवशी, अमावास्येच्या सकाळी, आक्का न्हाऊन, ओल्या केसांची गाठ मारून माजघरात उभी राहिली.

"माझ्या पायऱ्या दे."

राव वांगीवाल्याची कड टिपत होते. फडकं तिथेच थांबलं.

"आक्का, यंदा मेजावर मांडू काय?"

"मेजावर? देवीला मेजावर बसवतोस? कचेरी आहे काय ही?"

"अगे, काचा कोठे ठेवू?"

"तुझ्या डोक्यावर ठेव. पायऱ्या संध्याकाळी मज पाहिजेत."

मी म्हणालो, दोनचार दिवस पलंगाखाली निजवून ठेवू. राव माझ्याकडे असे वळले की मी वाक्य अर्ध्यात सोडलं. मग दिवसभर आम्ही काचा हलवल्या. तहसीलदार देवघराच्या भिंतीला गेला, कंत्राटदार तांदळाच्या पोत्यांमागे, दाराच्या काचा आक्काच्या लुगड्यांत गुंडाळून लाकडी पेटीत उभ्या राहिल्या. सगळ्यांची सोय लागली. एकीची लागेना.

ती डॉक्टरअम्माची. शहरातली निम्मी माणसं त्या बाईंच्या हातावर जन्मली आहेत आणि उरलेली निम्मी त्यांचा ओरडा खाऊन बरी झाली आहेत. त्यांची गाडी नवऱ्याच्या वेळची, जुन्या घाटाची, पुढची काच धनुष्यासारखी वळलेली. तशी काच आता कोणी करत नाही. माझं चेन्नईपासून कोइमतूरपर्यंत विचारून झालं होतं. गाडी पत्र्याच्या कामाला गेली होती, आणि तिच्यावरून घरात भांडण चालू होतं. चेन्नईला राहणाऱ्या त्यांच्या मुलाचं म्हणणं, भंगारात द्या. शेवटी दोघांचं ठरलं होतं, की खंडेनवमीच्या आयुधपूजेला गाडी रंगवून, धावती, पूजेला उभी दिसली तर राहील. नाहीतर मुलगा टेम्पो पाठवून उचलून नेईल. डॉक्टरअम्मा मला म्हणाल्या होत्या, "पत्रा मिळतो, रंग मिळतो. काच गेली तर गाडी गेली. काच तुझ्याकडे आहे." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

ती वळलेली काच सरळ भिंतीला टेकेना. सोडली की डुलायची. तिला दोन्ही बाजूंनी आधार हवा होता, आणि तो फक्त त्या चौकटींनाच जमत होता. संध्याकाळ होत आली. राव काच धरून उभे, आक्का बाहुल्यांची टोपली धरून उभी. शेवटी राव म्हणाले, "ही एकटी राहू दे. मागे उभी करतो, चौकटींच्या वरच्या टोकाला. बाहुल्या पुढे मांड."

आक्का तोंड फिरवून बसली. मग तिने एक समई लावून पायरीवर ठेवली, फक्त दिवा कसा दिसतो ते पाहायला. काचेत दुसरी समई लागली. तिने राजा-राणीची जोडी मांडली. मागे दुसरी जोडी उभी राहिली, जरा वाकडी, जरा हसरी. आक्काने लहान मुलीसारखा तोंडावर हात धरला.

"अरे, दोन कोलू झाले की!"

त्यानंतर त्या काचेला हलवायची कोणाची छाती नव्हती.

बातमी पसरली. दुसऱ्या संध्याकाळी चारी राजवीथ्यांतल्या बायका तो दुप्पट कोलू पाहायला आल्या, आणि मी काचेच्या बाजूला राखणीला बसलो, हातात चण्याच्या सुंडलाचा, म्हणजे उसळीचा, द्रोण. प्रत्येकीला आपल्या हाताने काचेला शिवून पाहायचं होतं, की मागे खरंच दुसऱ्या बाहुल्या आहेत का. द्रोण खाली ठेवून मी काचेपुढे हात आडवा धरला. तेवढ्यात दारात राव उभे राहिले आणि त्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "आत येणाऱ्यांनी बांगड्या काढाव्या!"

नवरात्र. हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णी. आणि बांगड्या काढा.

मग जो गलका झाला तो मी बाजारातही ऐकलेला नाही. तमिळ, मराठी, दोन्ही भाषांत रावांचं मागचंपुढचं सगळं काढलं गेलं. आक्का हातपंखा घेऊन धावत आली आणि तिने भावाच्या पाठीत दोन ठेवून दिले.

"मेल्या, बांगड्या काढायला सांगतोस? तुझी जीभ काढते!"

"अगे, काचेला ओरखडा..."

"तुझ्या काचेला लागो आग!"

"असं बोलू नकोस, ती ऐकते!"

बायका आधी संतापल्या होत्या, हे ऐकून हसत सुटल्या. तोड एका म्हातारीने काढली. तिने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशीच आत शिरली. तिच्यामागे बाकीच्या. पुढे रोज संध्याकाळी रेशमी साड्यांतल्या बायका हात मागे बांधून, मान पुढे काढून, शाळा तपासणीला आलेल्या साहेबांसारख्या रावांच्या कोलूपुढून जात होत्या, आणि आक्का कुंकू लावून त्यांच्या तोंडात सुंडल भरवत होती, कारण हात मोकळे करायला रावांची बंदी.

रंगाचं काम लांबलं. गाडी तयार झाली ती अष्टमीच्या दुपारी. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा. मी धावत काच न्यायला आलो.

"कोलू मांडला की दसऱ्यापर्यंत हलत नाही," आक्का म्हणाली.

"आक्का, बाहुल्या राहू देत. फक्त काच देतेस?"

"तीही बसली आहे. रोज आरती घेते. बसलेल्याला उठवायचं नाही."

मी रावांकडे वळलो. "राव, तुम्ही तरी सांगा. बाईंची गाडी जाईल!"

राव काचेकडे पाहत होते. "गाडी बिनकाचेची धावत नाही काय?"

"धावते हो. पण दिसते कशी? मुलाला निमित्तच पाहिजे आहे. भाडं वाढवून देतो. दुप्पट."

"सरि," राव म्हणाले. "काच दसऱ्यानंतर."

तेव्हा मात्र मी फुटलो. काय काय बोललो ते सांगत नाही. पार्सल खातं काढलं, पट्टा काढला, घोंगडी काढली. माझ्या आवाजाने पायरीवरचा लाकडी पोपट हलला असेल. राव ऐकत राहिले आणि मग त्यांनी हात वर केला. मला वाटलं लॉरी आली. गल्लीत रिक्षा थांबली होती, आणि तिच्यातून डॉक्टरअम्मा उतरत होत्या.

"माझी काच कुठे आहे?" त्या तमिळमध्ये कडाडल्या. "कोणी म्हणतं बाहुल्यांच्या मागे लावली आहे!"

राव दारात. "अम्मा, हात मागे."

मी डोळे मिटले. या बाईंनी कलेक्टरला वॉर्डाबाहेर काढलेलं आहे. डोळे उघडले तेव्हा त्या हात मागे बांधून आत निघाल्या होत्या. इतकी वर्षं दुसऱ्यांना असं सांगत आल्या होत्या. सवयीचा हुकूम त्यांना बरोबर कळला असावा.

त्या कोलूपुढे थांबल्या. समया लागल्या होत्या. काचेत बाहुल्यांची दुसरी ओळ, त्यांच्यामागे आक्का, राव, मी, आणि मधोमध त्या. मग खाली बसल्या.

"या काचेतून इतकी वर्षं रस्ता बघितला," त्या म्हणाल्या. "हिच्यात स्वतःला कधी बघितलं नव्हतं. सुंडल आहे का?"

आक्काने भरवलं. त्यांनी चावून खाल्लं, आणखी मागितलं, आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "उद्या गाडी इथे आण. या दारात पूजा करू."

"काच नाही अम्मा."

"काच आत आहे, गाडी बाहेर असेल. मध्ये एक उंबरा. तेवढ्याने काय होतं?"

नवमीच्या सकाळी मी ती गाडी पूर्व राजवीथीतून चालवत आणली. समोर काच नाही. वारा, धूळ, झेंडूवाल्यांच्या पाकळ्या, सगळं तोंडावर. नवा निळा रंग चमकत होता, आणि शपथेवर सांगतो, मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. दारात आक्काने चंदन-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, चाकांखाली लिंबं ठेवली. दृष्ट काढून कोहळा फोडायची वेळ आली तेव्हा राव पुन्हा आडवे आले. इथे आपटायचा नाही, जमीन हादरेल. कोहळा हातात घेऊन आम्ही सगळे वाजतगाजत पार कोपऱ्यावरच्या नळापर्यंत गेलो आणि तिथे फोडला.

परत येतो तर डॉक्टरअम्मांच्या हातात फोन, फोनमध्ये मुलाचा चेहरा.

"बघ. रंग बघ. इंजिन ऐक." त्यांनी फोन बॉनेटवर धरला, मी चावी फिरवली.

"अम्मा, पुढची काच कुठे आहे? फुटली ना? मी सांगितलं होतं."

त्या फोन घेऊन उंबरा ओलांडून आत गेल्या आणि तो कोलूसमोर धरला. "कोलूत बसली आहे. उठली की येईल."

मग मुलाचा आवाज आला, मघापेक्षा लहान. "अम्मा, ती राणीची बाहुली कोणाची? आपल्याकडे होती तशी आहे. आणखी एकदा दाखव ना." त्यांनी दाखवली. भंगाराचं नाव पुन्हा निघालं नाही. टेम्पो आला नाही.

दसऱ्याच्या संध्याकाळी आक्काने एक बाहुली आडवी निजवून कोलूचा निरोप घेतला, आणि दुसऱ्या सकाळी राव अंगठी काढून तयार होते. काच आम्ही दोघांनी खालून उचलली. तिच्यावर ओरखडा नव्हता, कडेला ओल नव्हती, एका कोपऱ्यात आक्काचं कुंकू तेवढं होतं. काचेभोवतीच्या रबरी बीडिंगच्या खाचेत दोरी भरली. राव आत बसून ती हळूहळू ओढत होते, मी बाहेरून तळहाताने काच दाबत होतो. एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत रबर फ्रेमवर चढत गेलं, आणि शेवटचं टोक सुटलं तेव्हा काच जागेवर बसल्याचा तो मऊ आवाज आला. या आवाजासाठी मी हा धंदा करतो.

डॉक्टरअम्मा चालवायला बसल्या, शेजारी आक्का. राव मात्र बसले नाहीत. ते गाडीच्या पुढे जाऊन उभे राहिले, वेष्टी दुमडली, आणि हात वर करून चालू लागले. गल्लीतून राजवीथीत, राजवीथीतून मोठ्या रस्त्यावर. हाताच्या इशाऱ्याने त्यांनी रिक्षा थांबवल्या, दुचाक्या कडेला घातल्या, टाऊन बस उभी केली. बसच्या ड्रायव्हरने मान बाहेर काढून विचारलं, कोणाची मिरवणूक आहे? आतले उतारू उठून खिडक्यांतून पाहायला लागले. मी मागून चालत होतो. मला लाजही वाटत होती आणि हसूही आवरत नव्हतं.

डॉक्टरअम्मांनी हॉर्न वाजवला. मग पुन्हा वाजवला. शेवटी दाराची काच खाली करून ओरडल्या, "राव, बाजूला व्हा हो! मला दुसरा गिअर टाकायचा आहे!"

राव वळलेसुद्धा नाहीत.

"पहिलाच बरा आहे, अम्मा," ते म्हणाले, आणि त्यांनी समोरून येणारी पाण्याची लॉरी थांबवली.